साडेसदतीस

बेतूलच्या जेटीवर, बर्फाच्या कारखान्यामागच्या खोलीत
एक मशीन आहे. रात्री दीड वाजता
ते दिवसभराच्या टोपल्यांची बेरीज करतं.
सकाळी सहाला कागद बाहेर.

एस्पेरांसा तो कागद माझ्या नाकापुढे धरते.
"साडेसदतीस किलो बांगडे घातले गे मी.
हांगा सदतीसच. अर्दो किलो कोणें खालो?"
मांजराने, असं म्हणून बघितलं.
ती हसली नाही.

स्क्रिप्ट मी हाताने चालवली. साडेसदतीस.
परत चालवली. साडेसदतीस.
माझ्यासमोर अगदी शहाणी,
पाहुण्यांपुढे बसवलेल्या पोरीसारखी.

म्हणून रात्री थांबले.
साळ नदीत ट्रॉलर एकमेकांना घासत होते,
खोलीत डिझेल आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास.
दीडला तिला प्रत्येक ओळ मोठ्याने म्हणायला लावली
आणि उंबऱ्यातच विचारलं:
येताना अंगावर काय काय घालून आलीस?

तिने यादी छापली. घर, वाट, वेळ. ठीक.
मधेच एक, माझं नसलेलं:
आकड्यांची भाषा, पोर्तुगाल.

वेळापत्रकाच्या अगदी माथ्यावर,
जिथे मी कधी वर सरकून पाहिलंच नव्हतं,
लिहिलेलं होतं: कामाला लागण्याआधी
कायतानच्या घरी जाऊन ये.
आणि ती रोज जात होती.
तिथे एक फाईल, नावाआधी टिंब,
म्हणजे साध्या यादीत न दिसणारी.
आत तीन ओळी. तिसरीचं म्हणणं:
अपूर्णांकापुढे टिंब नाही, स्वल्पविराम.

टिंबाआड लपलेल्या फाईलने
टिंबच बेकायदा ठरवलं होतं.

काट्यावरून ३७.५ यायचं.
ती सदतीसपर्यंत वाचायची, अडखळायची,
हे कसलं चिन्ह, आमच्यात नाही,
आणि पुढचं सोडून द्यायची.
सोडल्याचं कळवायचीसुद्धा, प्रामाणिकपणे:
कायतानच्या टपालपेटीत एकशे अकरा पत्रं,
एक ऑगस्टपासून, रात्रीला एक.
प्रत्येकात तेच, अवैध संख्या, अवैध संख्या.
एकही उघडलेलं नाही.

कायतान रिबेलो आता असोळण्याला असतो.
फोनवर आधी कोंबडे आले, मग तो.
"हां, तें! आपली सुकी सुंगटां लिस्बनला जायची.
तिथला हिशेबनीस टिंब दिसलं की
बिल परत धाडायचा. मग काय करू?"
ते गिऱ्हाईक कधीच बुडालं.
जुन्या काट्याला अर्धा किलो माहीतच नव्हता,
त्यामुळे ती ओळ बारा वर्षं
कुणालाही न चावता पडून राहिली.
नवा काटा बंदी उठली त्या दिवशी आला.

"काढून टाकू?" मी विचारलं.
कोंबडा ओरडून घेईपर्यंत तो गप्प.
"चूक न्हयशी गे ती," म्हणाला.
नव्हतीच.

फाईल मी पुसली नाही.
पहिल्या दोन ओळींवर प्रिंटर चालतो,
का, ते कायतानलाही आठवत नाही.
तिसरी फक्त गप्प केली, आणि शेजारी लिहिलं
कोणी, कधी, कोणत्या अर्ध्या किलोसाठी.
स्क्रिप्टच्या कपाळावर एक नवी ओळ:
कुठूनही जेवून आलीस तरी
या घरात टिंब म्हणजे टिंब.

बेचाळीस बायका. एकशे अकरा रात्री.
सगळ्यांचे पाव, अर्धे, पाऊण
अजून कुठल्याच बेरजेत नाहीत.
ती स्क्रिप्ट लिहायची आहे,
आणि ती लिहिताना संस्थेचा चेअरमन
नेमका कुठे तरी बाहेरगावी असणार आहे.

सकाळी सहाला कागद आला.
एस्पेरांसाने बोटाने ओळ धरून वाचला,
साडेसदतीसवर बोट थांबलं,
मान हलली, बोट खाली सरकलं.
"आनी बर्फाचे पयशे
दोन पावटीं कशे?"